लोर्ना स्टिडम खरं बोलली

लोर्ना स्टिडम ट्रेस फोर्क कम्युनिटी कॉलेजात जिन्याशेजारच्या खोलीत बसायची, आणि तिच्या दारावरून जाताना निम्मे मास्तर मान दुसरीकडे वळवायचे. कॉलेजला अनुदानं मिळवून देणं हे तिचं काम. परिचारिकांचा वर्ग तिच्या अर्जावर उभा राहिला, प्रौढांच्या गणिताच्या वर्गाला तिनेच पैसे आणले. त्याबद्दल कोणी कधी आभार मानल्याचं ऐकिवात नाही. उलट सगळ्यांचा राग एकाच गोष्टीवर: ही बाई आपल्याबद्दल काय काय लिहिते!

लिहायची, हे खरंच. अर्जातलं पहिलं प्रकरण गरजेचं असतं. जिल्ह्यात काय नाही, कोण कुठे अडलंय, ते तिथे मांडायचं. ताकाला जाऊन भांडं लपवून चालत नाही. लोर्ना तर भांडं आपटून दाखवायची. खाणी बंद पडल्या, तरुण पोरं कामासाठी ओहायोला पळाली, उरलेल्यांतली किती नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली, किती घरांत कोणी हायस्कूलही पुरं केलेलं नाही, काही सोडायची नाही. आकडे खरे असायचे, पण वाचणाऱ्याला प्रश्न पडावा की केंटकीच्या या डोंगरांत माणसं राहतात की भुतं. आणि पैसे यायचे. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज फार मानी होतं. त्यांच्या दोन इमारतींना यंदा कुलूप लागलं.

तिचा सगळ्यात मोठा वैरी व्हर्लिन कोम्स. दोघं एका शाळेतली, आणि शाळेत असल्यापासून त्यांचं पटत नव्हतं. व्हर्लिनने जन्मभर खांबांवर चढून विजेच्या तारा ओढल्या. गुडघे गेल्यावर त्याला तेच काम पोरांना शिकवायचं होतं, कॉलेजमागच्या मैदानात खांब पुरून. कल्पना चांगली होती, हे लोर्नाही मानायची. दर हिवाळ्यात बर्फाने तारा तुटतातच, त्यामुळे हे काम येणाऱ्याला जिल्हा सोडावा लागत नाही. पण ट्रक हवा, खांबावर चढायचे पट्टे हवेत, वर चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा हवा, आणि कॉलेजकडे दमडी नव्हती. म्हणून लोर्नाने राजधानीतल्या एका खात्याकडे तीन वर्षांच्या अनुदानाचा अर्ज केला. ते मिळालं तर वर्ग टिकणार होता. नाही मिळालं तर पोरं ओहायोच्या वाटेला लागणार होती.

अर्जाची प्रत वाचून व्हर्लिन तिच्या खोलीत घुसला.

“हे काय लिहिलंयस गं? ‘पिढ्यान्‌पिढ्या निराश झालेला समाज’? कोण निराश? माझी आई निराश होती? तिच्या हातचं लाटणं खाल्लं असतंस म्हणजे कळलं असतं.”

“तुझ्या आईबद्दल नाही लिहिलं. ट्रक हवाय ना तुला?”

“हवाय. भीक नकोय.”

“मग चढव पोरांना सफरचंदाच्या झाडावर. आणि ऐक, मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय वर्ग सुरू करू नकोस. हे लोक नव्या कामाला पैसे देतात. जे दुसऱ्याच्या पैशावर आधीच चालू झालंय, त्याला एक सेंट देत नाहीत.”

“तू मला शिकवू नकोस.”

आमच्याकडे माणूस अडला की लोक हळहळतात, खिशात हात मात्र जपून घालतात. पण कोणी बाहेरच्याला सांगितलं की हे बिचारे आहेत, मग बघा! व्हर्लिनला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने चर्चच्या तळघरात सगळ्यांना जेवायला बोलावलं, घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव. जेवणं झाल्यावर तो उभा राहिला आणि त्याने लोर्नाचं गरजेचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं.

लोक नुसते पेटले. बायकांनी घरून भाजून आणलेल्या फळांच्या ‘पाय’चा लिलाव झाला आणि ब्लॅकबेरीच्या एका ‘पाय’ला जुन्या मोटारीची किंमत आली. जे कधी वर्गणीला दार उघडत नव्हते, त्यांनी खिसे उलटे केले. आठवड्याभरात टेनेसीहून जुना ट्रक आला आणि वर्ग सुरू झाला. गावच्या वर्तमानपत्रात फोटो छापून आला: व्हर्लिन, ट्रक, पट्टे बांधलेली पोरं, आणि खाली ओळ, ‘आमच्या पैशाने, आमच्या हिमतीने’.

लोर्नाने फोटो बघितला आणि ती तडक मैदानात गेली.

“अरे मूर्खा, काय सांगितलं होतं मी तुला?”

“पोटात दुखतंय का गं तुझ्या? तुझ्यावाचून झालं म्हणून?”

“हे पैसे नाताळपर्यंत पुरतील. पुढे?”

“पुढे आणखी एक जेवण घालू.”

“लोक एकदाच चिडतात, व्हर्लिन.”

त्यावर तो हसला आणि पोरांकडे वळला.

पुढच्या आठवड्यात राजधानीहून फोन आला. खात्यातल्या डेलगाडोबाई लोर्नाचे अर्ज बरीच वर्षं बघत होत्या. त्यांचा आवाज अवघडलेला होता.

“अर्ज मंजूर झालाय, सही तेवढी राहिलीय. पण आमच्या साहेबांनी तो फोटो पाहिला. तो चर्चचा वेगळा वर्ग असणार, हो ना? तुमच्या कॉलेजचा नाही. एवढं एका ओळीत लिहून पाठवा, म्हणजे मी आजच पुढे करते.”

लोर्नाच्या खिडकीतून मैदान दिसायचं. खाली व्हर्लिन पोरांना ओरडून सांगत होता, “चला रे, निराश समाज, वर चढा!” पोरं खांबाला बिलगून खदखदून हसत होती. ट्रेसा नेपियर नावाची पेट्रोलपंपावर काम करणारी मुलगी सगळ्यांच्या वर पोचली होती आणि तिथूनच लोर्नाच्या बोलण्याची नक्कल करत होती.

“नाही,” लोर्ना म्हणाली. “तो कॉलेजचाच वर्ग आहे. मास्तर आमचा, मैदान आमचं. वर्ग सुरू झालाय.”

“मॅडम, नीट विचार करून सांगा.”

“करूनच सांगतेय.”

खरं बोलणं इतकं गोड असतं हे तिला त्या दिवशी कळलं.

अनुदान गेलं. कॉलेजच्या अध्यक्षांनी भर सभेत तिचं कौतुक केलं: पळवाट समोर असताना बाई खऱ्याला धरून राहिल्या. टाळ्या झाल्या. व्हर्लिनने दुसरं जेवण घातलं, त्याला मोजकी टाळकी आली आणि उसळ उरली. विम्याचे पैसे भरता आले नाहीत, वर्ग बंद पडला, ट्रक टेनेसीला परत विकला. ट्रेसा ओहायोला गोदामात खोकी उचलायला गेली. जायच्या आधी ती व्हर्लिनच्या घरी जाऊन रडली, म्हणतात.

त्यानंतर व्हर्लिन लोर्नाच्या खोलीत आला. या खेपेला त्याने दारावर टकटक केली.

“चूक माझी,” तो म्हणाला. “तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. ते मी सगळ्यांना सांगितलंय. पण एक सांग. इतकी वर्षं त्या लोकांसमोर आम्हाला काळं फासलंस. आमच्यासाठी एक ओळ खोटी लिहायची होती, नेमका तेव्हाच बरा तुला खरेपणा सुचला?”

उत्तर तिच्याकडे तयार होतं. खोटं उघडकीला आलं असतं, परिचारिकांच्या वर्गाचे पैसे गेले असते, सगळं कॉलेज बुडालं असतं. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि गावभर तिचं ते देऊनही झालं होतं. पण फोन कानाला लावून बसली होती तेव्हा यातलं काहीही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला फक्त व्हर्लिनचं पडलेलं तोंड बघायचं होतं. आता तो समोर उभा होता, टोपी हातात घेऊन, आणि तिला मान वर करवेना.