उघड्या कार्डावरची साडी

सीताबर्डीत माझं साड्यांचं दुकान होतं, पण निम्मी विक्री पोस्टानं व्हायची. गावोगावच्या बायका रंग आणि किंमत लिहून पाठवत, मी व्ही.पी.नं पार्सल धाडायचो आणि पोस्टमनला पैसे देऊन त्या ते सोडवून घेत. "साधं कार्ड लिहा, लिफाफ्याला खर्च करू नका," हे मीच त्यांना शिकवलं होतं. उमरेडच्या विणकराच्या घरातून वर आलेल्या माणसाला दुसऱ्याचेही पैसे वाचवायची खोड असते.

मंगळवारी मी माल आणायला उमरेडला जायचो. दुकान बंद दिसलं की पोस्टमन माझी कार्डं शेजारच्या कापडवाल्याकडे ठेवायचा. संध्याकाळी तो ती सुतळीनं बांधून मला द्यायचा आणि मी त्याला चहा पाजायचो. ते चहा मला अजून सलतात.

एकदा वर्ध्याकडच्या एका मास्तरणीचं पत्र आलं. तिनं जांभळी नऊवारी मागवली होती. त्या मागणीच्या कार्डावर वरती रिवाजाप्रमाणे घरचा पत्ता, आणि खाली तंबी: पार्सल शाळेत पाठवा, जावेला कळता कामा नये. आता ती लिहीत होती, "तुमच्या शेजाऱ्याचं पत्र घरी आलं. जावेपासून लपवायची जांभळी साडी आमच्याकडे पाच रुपये कमी, असं. ते जावेनंच वाचलं. तुमचा आमचा व्यवहार संपला."

तिच्या शाळेतल्या सगळ्या बाया माझ्या गिऱ्हाईक होत्या. ती गेली की शाळा गेली.

मी तसाच शेजाऱ्याच्या गादीपुढे जाऊन उभा राहिलो.

"माझे कार्डं काहून वाचून राहिला गा?"

"म्या कुठं वाचले? कार्ड उघडंच असते भाऊ. दिसलं."

"अन् दिसलं ते लिहून पाठवलं?"

"बाईचं नुकसान पाहवलं नाही मले."

त्याच्याच लोखंडी गजानं त्याला मापावं असं वाटलं. पण वर्ध्याकडची बस सुटायची वेळ झाली होती.

साडी काखेत मारून मी मास्तरणीच्या घरी गेलो. दार जावेनं उघडलं. मास्तरीण मागे, तोंड फिरवून. मी हात जोडून चूक माझी म्हणालो. जावेनं साडी उलगडली, पदर उलटा करून पाहिला.

"अशीच एक मले पाहिजे. त्यानं पाच कमी लिवले, तुम्ही दहा करा. दोन्हीवर. नाहीतर तुमाले लिवलेलं गावभर होते, हे मी शाळेत जाऊन सांगीन."

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता मान हलवली. तेव्हा कुठे मास्तरीण हसली.

पुढे प्रत्येक पार्सलात मी तिकीट लावलेला लिफाफा घालू लागलो, स्वतःच्या खर्चानं. पहिलेच लिफाफे आले ते मंगळवारी. शेजारी त्यातला एक उजेडाकडे धरून म्हणाला, "भरोसा नाही काय गा आमच्यावर?"

"नाही," मी म्हणालो.

त्याचा चहा त्या दिवसापासून बंद. लिफाफे मात्र जाड कागदाचे घ्यावे लागले.