शेवटचा भाग नांदेडला

पुण्याहून रेल्वेनं निघालो तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये एका मालिकेचे सगळे भाग उतरवून घेतलेले होते. एका परदेशी विनोदी गुप्तहेर मालिकेची ती हिंदी आवृत्ती. तिचा नायक खून कसा झाला हे खोलीत शिरताच ओळखतो, पण त्याला धुळीची, गर्दीची, दुसऱ्याच्या हाताची भीती वाटते. वसतिगृहातली मुलं पोट धरून हसायची. मला हसू येत नव्हतं. मला कुरुंद्याचा मामा दिसत होता.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात कुणाला न उमगलेलं सगळं माझ्याकडे येतं. मामाचंही आलं. तो हळदीच्या गावात राहतो आणि त्याला हळदीचा डाग सहन होत नाही. हात धुऊन धुऊन त्याची कातडी सोलली आहे. गेल्या वर्षी मामी लेकराला घेऊन कळमनुरीला माहेरी गेली. डॉक्टरला दाखवा, मग येते, एवढंच तिचं म्हणणं. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं मामाचं. मला वाटलं, स्वतःसारखा माणूस पडद्यावर पाहिला तर त्याला पटेल.

परभणीला उतरून एसटीनं वसमत, तिथून जीपनं कुरुंदा. शिजवलेली हळद जागोजागी वाळत घातलेली होती. तिचा ओला, मातकट वास नाकातून जात नव्हता. जीपमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं कुणाकडे चाललास म्हणून विचारलं. मामाचं नाव सांगताच म्हणाला, “पाय धुऊन जाय बापा. न्हाईतर दारातूनच वापस पाठवील.” जीपमधले सगळे हसले. मीही थोडा हसलो, आणि मग गाव येईपर्यंत बाहेर बघत राहिलो.

मामानं खरंच पाय धुवायला लावले आणि बॅग ओसरीवरच ठेवायला सांगितलं. मधीच काहून आलास, परीक्षा नाही का, एवढं विचारलं. भाकरी आणि पिठलं त्यानंच केलं. धुतलेलं ताट माझ्यासमोर पुन्हा धुतलं. घर चकचकीत होतं. भिंतीवर लेकराच्या हाताचा एकही डाग उरला नव्हता.

जेवणानंतर मालिका लावली. माझ्या मोबाइलला तो हात लावणार नव्हता, म्हणून मीच तो त्याच्यासमोर धरून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तेच. हात भरून यायचा. मामा एकदाही हसला नाही. खुनी कोण, याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. नायकानं लावलेली कडी पुन्हा तपासली की तो हळूच “बराबर” म्हणायचा. त्या नायकासोबत एक बाई असते. त्याला हात पुसायला देते, गर्दीतून वाट काढून देते.

“ही बायको व्हय त्याची?”

“न्हाई मामा. पगारावर आहे.”

“मग टिकंल,” मामा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी चाचरत डॉक्टरचा विषय काढला. बघा मामा, एवढा हुशार माणूस, पण दर भागात डॉक्टरकडे जातोच की नाही?

“तेच पाहून राहिलो मी,” मामा म्हणाला. “दर टायमाला जातो. इतके भाग झाले, काय फरक पडला?”

तो बरा झाला तर मालिकाच संपेल, हे ओठावर आलं होतं, पण त्यानं मामाचं समाधान झालं नसतं. एकच भाग उरला होता. शेवटी बरा होतो का, मामानं विचारलं. मी तो भाग आधीच पाहिला होता. तो बरा होत नाही.

“शेवटचा भाग नांदेडला दाखवतो,” मी म्हणालो. “डॉक्टरच्या दारात.”

“लेकराला चाकलेट दाखवून नेतात तसं नेता व्हय, भाचेबुवा?” मामा म्हणाला आणि हात धुवायला उठला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. सकाळी मात्र तो आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून माझ्या आधी तयार होता.

नांदेडच्या बसमध्ये त्यानं सीटवर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. नवरदेव कुठल्या गावचा, म्हणून कंडक्टरनं चेष्टा केली. मामा मान खाली घालून, हात मांडीवर धरून बसला. त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेरची उसाची शेतं मागे पडताना बघत होतो.

दवाखान्यात गर्दी होती. मामा बसला नाही. कोपऱ्यात भिंतीपासून जरा लांब उभा राहिला, आणि मी त्याच्यासमोर मोबाइल धरला. गुन्हेगार पकडला गेला. शेवटी नायक पुन्हा आपल्या डॉक्टरसमोर त्याच खुर्चीत येऊन बसला आणि नावं वर सरकू लागली.

“बरा न्हाई झाला,” मामा म्हणाला.

“न्हाई.”

“तुला ठाऊक होतं.”

“व्हय मामा.”

तो दाराकडे वळून निघून जाईल असं वाटलं. मी आडवा आलो नसतो. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं. मी सोबत जाऊ लागलो, तर त्यानं मान हलवली.

“तू इथंच बस. तो बी आत एकटाच जातो.”

दाराची मूठ त्यानं कोपरानं दाबली आणि आत गेला. खूप वेळानं बाहेर आला. पुढच्या महिन्यात बोलावलंय, एवढंच सांगितलं. गोळ्या त्यानं विकत घेतल्या, पण घेईल का, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्याला वसमतच्या बसमध्ये बसवून मी स्टेशनवर आलो.

गाडी पूर्णा सोडून पुढे निघाल्यावर कळमनुरीला फोन लावला. ते खरंच आत गेले का, मामीनं विचारलं. गेले, मी सांगितलं. आत कोण होतं संगं, तिनं विचारलं. कोणी नव्हतं, एकटेच गेले, मी म्हणालो. मागे लेकराचा आवाज येत होता. “पुढच्या महिन्याची तारीख मला सांग,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती परत येईल की नुसती दवाखान्यापर्यंत येईल, तिनं सांगितलं नाही. पुण्यापर्यंत मला झोप लागली नाही. बरं न होणाऱ्या माणसाची गोष्ट मी मामाला दाखवली, हे बरोबर केलं की चूक, तेही अजून कळत नाही. पण ते दार त्यानं स्वतः उघडलं, एवढं मी पाहिलं आहे.