न जोडलेल्या इअरबड्समधली हाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी यादी करणारी बाई. किराण्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं वहीत, काम झालं की टिक. पण मागच्या वर्षीचं एक पान मला अजून उघडवत नाही... म्हणून इथे लिहितेय.

पनवेलला आमच्याकडे नवऱ्याची थोरली बहीण असते. आक्का. उरणला दिलेल्या, यजमान गेल्यावर आमच्याकडे आल्या. माझं ऑफिसचं काम घरूनच चालतं आणि आक्कांच्या हाका दिवसभर. डबा कुठंय, खिडकीत कावळा आलाय, काहीही. शेवटी इअरबड्स घ्यायचे ठरवले. वहीत लिहिलं – निसटू नयेत, बॅटरी दिवसभर टिकावी, बाहेरचा आवाज अजिबात येऊ नये. तिसऱ्या मुद्द्याखाली दोन रेघा. आक्कांना सांगितलं, तळ्याभोवती फिरताना गाणी ऐकायला हवेत.

सकाळी साडेअकराला मी बाजारातल्या दुकानात होते, आक्का घरी एकट्या. दुकानदाराने पहिली जोडी दिली, कानात बसते का ते बघा म्हणाला. बसवली... आणि डाव्या कानात आक्का म्हणाल्या, "सुनंदा, ये गो जरा."

स्वयंपाकघरातून येते तशी, अगदी स्पष्ट. मी सवयीने पुटपुटले, "थांबा हो जरा."

"कोणाला, मॅडम?" दुकानदार म्हणाला. "अजून फोनला जोडलेच नाहीत."

पुन्हा हाक आली. खरं सांगते, घरी फोन करावा असं एकदा मनात आलं होतं. पण मला रागच आला – इथेही ह्या! ती जोडी काढून दिली आणि बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारी मागितली. ती घातली. शांत. तिसऱ्या मुद्द्यावर टिक केली, पैसे दिले, येताना भाजीसुद्धा निवडून घेतली.

घरी आले तर आक्का ओट्याखाली पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारच्या काकूंचं दार चार पावलांवर, तेही उघडं. अॅम्ब्युलन्सची वाट बघताना मी विचारलं, त्यांना हाक का नाही मारलीत?

"तूच बोललीस ना, थांबा हो जरा. मंग थांबले. तू येतेच हाय, तर लोकांना कशाला तरास?"

दुकानातलं मी आक्कांनाच काय, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ती हाक माझ्यापर्यंत कशी आली, माझं उत्तर त्यांच्यापर्यंत कसं गेलं, मला आजही माहीत नाही. इअरबड्स खणात आहेत, एकदाही वापरले नाहीत. आक्का आता वॉकर घेऊन चालतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माझा हात धरून कौतुकाने सांगतात, "ही बाजारात व्हती, तरी माझ्या हाकेला ओ दिली हिनं."

मी हात सोडवून घेते आणि चहा टाकायला आत जाते.