दाराखालून जाणारी वायर

दादा आणि मी मिळून लग्नांचं शूटिंग करतो. तो मांडवात मोठ्या स्क्रीनजवळ बसतो, मी कॅमेरा घेऊन फिरते. फिरते म्हणजे वायर पुरेल तेवढीच. नवरीच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देणार, म्हणून माझी जागा पक्की. त्यातून सुटका नाही.

आधीची वायर म्हशीच्या दाव्याएवढी जाड होती. म्हाताऱ्या बाया अडखळायच्या आणि बोलणी मला बसायची. पण बायकांना तिचा उपयोग होता. तोंड उघडण्याआधी त्या कॅमेऱ्यामागे पाहून विचारायच्या, "शेपूट लागलं आहे काय व?" लागलेलं असलं की पदर सावरून गप्प, कारण चित्र आणि आवाज थेट मांडवात जायचा. शेपूट नसलं की सासूची उणीदुणी सुरू.

शेवटी नवी वायर घ्यायला आम्ही नागपूरला गेलो. "लांब पाहिजे, बारीक पाहिजे, कुरकुर नको," दादा सांगत होता. दुकानदार म्हणाला, "पोरगी पाहून राहिले का वायर?" दादा खो खो हसला. मला हसू आलं नाही. घरात माझ्यासाठी स्थळं पाहणं चालूच होतं. तांब्याची बारीक वायर लांबवर चित्र नेता नेता दम सोडते, म्हणून आत काचेचा तंतू असलेली घेतली. इतकी बारीक, की दार लावलं तरी खालून निघून जायची.

दिघोरीच्या एका लग्नात ती पहिल्यांदा लावली. पांढऱ्या साडीतली नवरी खाटेवर बसली होती. मांडवातल्या बुद्धवंदनेला अजून वेळ होता. तिची मैत्रीण दार ओढून पाणी आणायला गेली, आणि आम्ही दोघीच उरलो. खिडकी बंद, जीव घुसमटवणारा उकाडा, आणि कानात फोनवर दादा, "चेहरा दाखव, चेहरा."

नवरीने कॅमेऱ्यात पाहिलं. "बाबा, मले हे लग्न..."

हिला शेपूट दिसलंच नाही, असं वाटून मी वायर उपटली. "बोल आता," मी म्हणाले. "बाहेर काही जात नाही."

"नाही करायचं मले," ती म्हणाली. "घरात कोणी ऐकूनच घेत नाही." मग जरा थांबून, "बाहेर किती गेलं?"

"'मले हे लग्न' एवढंच. वेळेवर काढली."

"काहून काढली? मी वायर पाहूनच बोलून राहिली होती. सगळ्यांसमोर तरी ऐकलं असतं त्यांनी."

वायरचं टोक मी पुन्हा कॅमेऱ्याशी नेलं, तेवढ्यात दार उघडून तिची आई आत आली. लेकीचा हात घट्ट धरून तिच्या शेजारी बसली.

"लाव ना व," दादा कानात ओरडत होता. "लोकं काळा पडदा पाहून राहिले."

मी वायर लावली. नवरीकडे पाहून मान हलवली, बोल म्हणून. तिने आईच्या हातातल्या आपल्या हाताकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

"चित्र एकदम साफ आलं," दादा म्हणाला. "आवाज तेवढा येऊन नाही राहिला. वायर खराब निघाली काय?"

"वायर चांगली आहे दादा," मी म्हणाले. "तीच बोलून नाही राहिली."