बाईंना मी सांगितलंच नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नांदेडात माझं फ्लोअरिंगचं, म्हणजे जमिनीवर घालायच्या प्लॅस्टिकच्या शीटचं दुकान आहे. लोकांना वाटतं, विनाइल म्हणजे विनाइल — रंग पाहायचा आणि घ्यायचं. तसं नसतं हो. खाली फोम असलेली पातळ छापील शीट वेगळी, एकमेकींत अडकणाऱ्या कडक पट्ट्या वेगळ्या, आणि दवाखान्यात घालतात ती दाणेदार शीट आणखी वेगळी. ओला अंगठा दाबून घासायचा. सरकला, तर ती शीट म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत घालायची नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही. बघा — अजून मूळ गोष्टीला हात घातला नाही, दुकानदारीच चालली आहे माझी.

वाघमारे बाई मुदखेडच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे मालक रेल्वेत होते. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. वर्षभर बाईंनी हाताला धरून त्यांना चालायला शिकवलं. पण घरात जुनी शहाबादी फरशी. सांध्यात काठी अडकायची, पाय ओढत चालताना अंगठा ठेचायचा. म्हणून बाई माझ्याकडे आल्या.

त्यांना दाणेदार शीटच द्यायला हवी होती. ती माझ्याकडे नव्हती, हैदराबादहून यायला आठ दिवस लागले असते. आणि दुकानात एक रोल पडून होता — लग्नाच्या स्टेजसाठी मागवलेला, संगमरवरासारखा, आरशागत चकचकीत. स्टेजवर एक दिवस मिरवायचा माल तो. आठ दिवस थांबा म्हटलं आणि बाई शेजारच्या दुकानात गेल्या तर? एवढीच भीती होती हो. एवढीच.

बाईंनी विचारलं नाही असंही नाही. नीट, शिक्षिकेसारखं विचारलं.

"भाऊ, आमच्याकडं दर पुनवेला बुद्धवंदनेच्या आधी घर धुतेत. बादलीनं पाणी ओतून. ह्याच्यावर चालतंय का? ह्यांचा पाय सरकायचा न्हाई ना?"

"बिनघोर धुवा, बाई. काय होत न्हाई," मी म्हणालो. अंगठा ओला करून दाखवला नाही. त्यांनाही करू दिला नाही, लगेच टेप काढून खोलीचं माप विचारलं.

दुसऱ्याच पुनवेला ते पडले. बाई ओट्याशी फुलं निवडत होत्या. वंदनेला आपल्या पायानं जाऊन बसायचं म्हणून ते एकटेच उठले. खुब्याचं हाड मोडलं.

इथपर्यंत मी लबाड दुकानदार. असे पुष्कळ असतात. पण खरं सांगायचं आहे ते पुढचं आहे — आणि तेच लिहिताना हात मागे येतो.

चार दिवसांनी बाईंच्या दिरानं मला बोलावून घेतलं. खोलीत दहा-बारा माणसं, खाटेवर ते, भिंतीशी बाई उभ्या. दिरानं शीटवर बूट घासून विचारलं, "ही तुम्हीच दिली का?" मी काय म्हणालो असेन? "चुकलं" म्हणालो असेन का?

"ह्याच्यावर पाणी ओतायचं नसतं. मी बाईंना तवाच सांगितलं होतं."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण त्या आठवत होत्या — खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या. दुकानदार दहा माणसांत तोंडावर खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "सांगितलं असंल. माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई." दिरानं कपाळावर हात मारला. खाटेवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे वळवलं. आणि मी, नांदेडची गाडी चुकेल म्हणून, चहा न घेता निघालो.

ते पुन्हा उठले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले. दीर बाईंशी बोलत नाही असं कानावर आलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, तेही लिहितो. गोष्ट त्यांच्याबरोबर मिटली असं मी धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात बाई दुकानात आल्या. फार वाळल्या आहेत. शेजारणीला घेऊन आल्या होत्या. तिच्या सासूच्या खोलीत शीट घालायची होती. शेजारीण रंग पाहू लागली, तसं बाईंनी तिचा हात धरला.

"रंग मागून बघ. आधी हे भाऊ काय सांगतेत ते ध्यान देऊन ऐक. मला सांगितलं होतं ह्यांनी. मी ऐकलं न्हाई, अन् माणूस गमावून बसले."

मी त्यांच्यासमोर उभा होतो. दुकानात आम्ही तिघंच होतो. मी दाणेदार शीटचा तुकडा काढला, त्यावर पाणी टाकलं आणि शेजारणीला अंगठा घासून बघायला सांगितलं. बाई शेजारी उभ्या राहून मान हलवत ऐकत होत्या. मी खोलीचं माप लिहून घेतलं.