गोदाबाईंशी राहिलेलं भांडण

गोदाबाई बोलण्याआधी उजवा हात सरळ वर करायच्या. समोर शंभर माणसं असोत की एकटा मी, आधी हात, मग शब्द. रत्नागिरीच्या बंदराजवळ माझं बर्फाचं गोदाम होतं. तिथे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा भर श्रावण होता. रेनकोट निथळत होता, पायात पुरुषी सँडल होत्या, आणि दारातच हात वर. मला वाटलं, बाईंना मोरीला जायचंय. मी मागचं दार दाखवलं. त्या जाऊन आल्या आणि पुन्हा हात वर केला.

"आभारी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "पण मला ते विचारायचं नव्हतं. मला तुमचे बेडूक बघायचेत."

मी बेडकांचा व्यापारी होतो. हे आज सांगितलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून मोठे पिवळे बेडूक धरले जायचे, त्यांच्या तंगड्या बर्फात घालून मुंबईला जायच्या आणि तिथून युरोपात. तिकडचे लोक त्या लोण्यात तळून खातात. मी सात भावंडांतला पाचवा, जेटीवर बर्फ फोडून मोठा झालेला. इंग्रजी शिकलो ते मुंबईच्या एका निर्यात कचेरीत चहा देता देता. या धंद्यावर मी गोदाम बांधलं, टेम्पो घेतला आणि गावातली वीस-पंचवीस घरं जगवली. तो धंदा बंद पाडण्यात या बाईंचा हात होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोललो तर कुणी म्हणायला नको की शेट विरघळला.

त्यांचं खरं नाव गोडलिव्ह. बेल्जियमच्या. युरोपातल्या बऱ्याच देशांची मिळून एक संसद आहे, तिथे त्या निवडून गेल्या होत्या, हरित पक्षाकडून. नद्या, झाडं आणि स्वच्छ हवा यांच्या नावावर मतं मागणारा पक्ष असू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बेडकांच्या तंगड्यांची खरेदी थांबवावी असा ठराव त्या संसदेत येणार होता. बाकीचे सभासद कागद वाचून मत देणार होते. बाई मात्र पदरचे पैसे घालून मुंबईला उतरल्या आणि एसटीने रत्नागिरीत आल्या. "मी पाहिल्याशिवाय हात वर करत नाही," म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून तीनदा यायचं. मुंबईच्या माझ्या गिऱ्हाइकाने निरोप धाडला होता : बाईला खूश करून पाठव. माझं सगळंच त्या एका हातावर टांगलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला नेलं. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाता खाता बाई आपली कथा सांगत होत्या. त्यांच्या गावात एक कालवा आणि काठावर कापड रंगवायची गिरणी. "आज कुठल्या रंगाचं कापड निघतंय ते आम्हाला कालव्यात बघून कळायचं." बाई पोस्टात पत्रं निवडायच्या. गावच्या सभेत त्यांनी विचारायला हात वर केला. अध्यक्षाने बघितलं नाही. बाईंनी हात खाली घेतला नाही. सभा संपेपर्यंत तो हात तसाच वर, दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताने आधार देऊन. पुढच्या सभेला अकरा बायकांचे हात वर होते. मग निवडणूक. तीन वेळा पडल्या. "तिसऱ्यांदा हरले तेव्हा निवडून आलेल्या माणसापेक्षा मला गावातली जास्त दारं माहीत होती." चौथ्यांदा आल्या, आणि तिथून थेट संसद.

त्यांच्या पक्षाचा एक नियम मला मोठा चमत्कारिक वाटला. अर्धी मुदत झाली की राजीनामा द्यायचा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला बसवायचं.

"खुर्ची गरम झाली की उठायचं," बाई म्हणाल्या.

"बाई, आमच्याकडे खुर्ची गरम झाली की माणूस उशी मागवतो," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की आमच्या हिला वाटलं, सांबारं तिखट झालं.

दुपारी गोदामात बेडूक धरणारे दोघे आले. आंब्याच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. तीच पद्धत मी माझ्या धंद्यात ठेवली होती. शेजारच्याला काय भाव मिळाला ते कुणाला कळत नाही आणि प्रत्येकाला वाटतं, आपलंच चांगलं झालं. बाईंनी हात वर केला, "मला शिकवा." मी त्यांचा हात रुमालाखाली घेतला, बोटं दाखवली. दोन मिनिटांत शिकल्या. "आमच्याकडेही हेच चालतं. फक्त रुमालाच्या जागी जेवणाचं टेबल असतं." मग एकाएकी त्यांनी रुमाल उचलला. "आता या दोघांना दिलेला भाव मोठ्याने बोला."

ते दोघे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण उचललेला रुमाल कळत होता. माझं डोकं तापलं. "बाई, हे गोदाम आहे, तुमची संसद नाही!" त्यांनी रुमालाची घडी करून माझ्यापुढे ठेवली. मी भाव बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना शेतं बघायची होती. संगमेश्वरच्या पुढे आत माझं मूळ गाव. मी आदल्या दिवशीच टेम्पो पाठवून चार पोती जिवंत बेडूक पार्वतीवहिनींच्या खाचरांत सोडून ठेवले. ही आमच्या वाडीतली थोरली भावजय, नवरा मुंबईला गिरणीत आणि शेती हिच्या अंगावर. माझा डाव साधा होता. बाईंनी खाचरात पाय टाकावा, चहूकडून बेडूक उडावेत आणि बेडूक संपत चाललेत ही ओरड तिथल्या तिथे खोटी ठरावी.

झालंही तसंच. सँडल हातात घेऊन बाई चिखलात उतरल्या आणि डबाडब उड्या पडल्या.

"बघा," मी बांधावरून ओरडलो, "पाय ठेवायला जागा नाही!"

बाईंनी वाकून एक मोठा बेडूक उचलला. त्याच्याकडे बघितलं आणि दुसरा हात वर केला. "एक प्रश्न आहे. तुमच्याकडचे बेडूक कमरेला दोरी बांधूनच जन्मतात का?"

धरलेले बेडूक पोत्यात उड्या मारून एकमेकांना जखमा करतात, म्हणून माझी माणसं त्यांना कमरेला सुतळी बांधून जोडीजोडीने पोत्यात भरीत. सोडताना घाईत एकाची सुतळी कापली ती फक्त जोडीदाराच्या बाजूने. दहा वर्षांच्या सवयीमुळे ती सुतळी माझ्या माणसांना दिसलीच नाही. मलाही दिसली नसती.

वहिनी बांधावर पदर तोंडात धरून हसत होत्या. मग हसू गेलं आणि तोंड सुटलं. "काय वो शेट, कुनाला फसवताव? माज्या खाचरात पाच वर्सात येक बेडूक वरडला नाय. आता भातावर किडा पडतो. बेडूक नेतो त्योच तुमचा टेंपो येताना किड्याची पावडर घेवन येतो. दोनी बाजूनी तुमचाच धंदा!"

पावडर मी विकत होतो हे खरं आहे. रिकामा टेम्पो कोण फिरवतो?

"काय म्हणतात त्या?" बाईंनी विचारलं.

"म्हणते, यंदा पाऊस चांगला आहे."

बाईंनी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं. "पावसाबद्दल कुणी इतकं रागावून बोलत नाही." त्यांनी बेडकाची सुतळी सोडवली, ती रेनकोटच्या खिशात घातली आणि बेडूक पाण्यात ठेवला. "मी तुमच्या विरुद्ध हात वर करणार आहे. तुमच्या पाठीमागे केलं असं होऊ नये, म्हणून इथेच सांगते."

"करा! आणि माझ्यावर जगणाऱ्या त्या वीस-पंचवीस घरांसाठी कुठला हात वर करणार? डावा?"

बाईंचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. मी पाहिलेला हा एकच प्रसंग. मी त्यांना तिथेच सांगितलं की माझ्या गाडीत जागा नाही, एसटी पकडा. त्या चालू लागल्या. वहिनी त्यांच्या डोक्यावर स्वतःचं इरलं धरून फाट्यापर्यंत सोडायला गेल्या. वहिनींच्या तोंडी गोडलिव्हचं गोदाबाई झालं ते त्याच वाटेवर. घरी आल्यावर आमची ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाहुणीला उपाशी घालवली म्हणून.

ठराव झाला. पुढे आपल्याही सरकारने निर्यात बंद केली. गोदामात बर्फ वितळून नुसतं पाणी राहिलं. मी बाईंना पत्र लिहिलं, दोन पानी, इंग्रजीत. तुमचे लोक खातात आणि शिक्षा आम्हाला, असं सगळं. शेवटचे तीन शब्द टायपिस्ट टाइप करेना, ते मी हाताने मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. "तुमचं पत्र मी संसदेत अख्खं वाचलं. शेवटचे तीन शब्दही, जसे जमले तसे. एका सभासदाने अर्थ विचारला. मी म्हटलं, अर्थ आवाजात आहे. मग मागणी केली की ज्यांनी खाल्लं त्यांनी या घरांना दुसरा धंदा उभारून द्यावा. माझ्यासकट पाच हात वर झाले. माझ्या पक्षातलेही बरेचजण नाराज आहेत. त्यांना विजय हवा होता, तुमचं पत्र नको होतं. पुढच्या महिन्यात माझी अर्धी मुदत संपते. काहीजणांनी न उठण्यासाठी कारणं शोधली आहेत. मी उठते आहे."

आणि त्या उठल्या. परत पोस्टात पत्रं निवडायला. असा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गावच्या कातळावर एका ठेकेदाराची नजर पडली. त्याला चिऱ्याची खाण काढायची होती. वाडीत माझा शब्द चालतो, म्हणून तो गोदामात आला. समोर बसला, रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. बोटं दाबली. भाव चांगला होता. खोटं कशाला सांगू, फार चांगला होता. मी हो किंवा नाही काहीच म्हणालो नाही. त्याने ते हो धरलं.

शाळेत ग्रामसभा भरली. ठेकेदार सांगत होता, कातळ ओसाड आहे, कुणाचं काही जात नाही. त्या कातळाखालच्या झऱ्यावर वहिनींची खाचरं होती. मी उभा राहिलो आणि उजवा हात वर केला. सरपंचांनी खिडकीबाहेर बघितलं. मी हात खाली घेतला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खांदा भरून आला. पन्नाशीच्या माणसाला हात वर धरणं सोपं नसतं, करून बघा.

"सरपंचानू," मागून वहिनी कडाडल्या, "शेटचा हात दिसत नाय काय? माजा बी दावू?" आणि त्यांनी आपला हात वर केला. मग त्यांच्या शेजारणीने.

सरपंचांना माझ्याकडे बघावं लागलं. रुमालाखाली मला देऊ केलेला भाव मी मोठ्याने, आकड्यासकट, सगळ्या गावाला सांगितला. जो गदारोळ झाला त्यात ठेकेदाराची छत्री शाळेतच राहिली. खाण आमच्या गावात झाली नाही.

मी बाईंना पत्र टाकलं. "हात वर केला. तुमच्यासाठी केला नाही, खूश होऊ नका. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही."

उत्तर त्यांच्या बहिणीचं आलं. माझं पत्र पोहोचायच्या आठ दिवस आधी बाई गेल्या होत्या. पाकिटात माझंच जुनं पत्र होतं, दोन पानी, शेवटी तीन मराठी शब्द. "हे ती टेबलाच्या खणात सगळ्यात वर ठेवायची," बहिणीने लिहिलं होतं. पत्राला एक सुतळी बांधलेली होती, बेडकाच्या कमरेएवढी.

ती सुतळी मी टाकलेली नाही. पण त्या वीस-पंचवीस घरांसाठी कुठला हात, हे बाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या सवयीप्रमाणे त्या उठून गेल्या. मी उठलेलो नाही. भांडण चालू आहे.