मामाच्या खांद्यावरची बॅग

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या मोठ्या ताईचं. सफाळ्याच्या आत, डोंगराकडे आमचं गाव. शाळेचा चढ मला चढवत नसे, ओठ निळे पडत. ताई मला पाठुंगळीला घेऊन जाई. पुढे तिची शाळा सुटली, माझी चालू राहिली. घरातला पहिला पदवीधर मी झालो आणि बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो.

जन्मापासून माझ्या हृदयाचे कप्पे उलटसुलट. अंगभर रक्त ढकलायचं काम दुबळ्या कप्प्याकडे. चाळिशीत तो थकला. जिना चढताना मध्येच बसावं लागे. मग मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयाला पंप जोडला. त्याची वायर पोटातून बाहेर येते, बॅटऱ्या खांद्यावरच्या बॅगेत असतात. पंप रक्त एकसारखं वाहतं ठेवतो, म्हणून नाडीचे ठोके हाताला लागत नाहीत.

मी घरी आलो आणि ताईच्या थोरल्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न ठरलं. आमच्याकडे मामा नवरीला हात धरून मांडवात आणतो, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ताईने काळजीपोटी माझ्याऐवजी उभं राहायला चुलतभावाला सांगून ठेवलं. मला म्हणाली, "तू खुर्चीत बस. आमी हाय ना!"

मला ते फार लागलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खुशाल उभे राहा. वायर कुठे अडकू देऊ नका, जादा बॅटऱ्या जवळ ठेवा." मग रोज सकाळी कॉलनीत चालायला लागलो.

लग्नाच्या दिवशी भाची अडून बसली, "माझा मामा येल तवाच उठेन." तिचा हात धरून मी निघालो.

"मामा, ती बॅग काढा ना, फोटोत येते!" फोटोवाला म्हणाला.

"बॅग काढली तर मामाच जाईल!" चुलतभाऊ ओरडला. मांडव हसला.

गावातल्या एका म्हाताऱ्या काकांनी माझं मनगट चाचपलं. "अरे, याची नाडीच लागत नाय!"

"मोटार चालू हाय ना काका, मग झालं!" ताई म्हणाली. ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा मी उभाच होतो.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून बोईसरला परतल्यावर पत्र टाकलं:

"ताई,

मी ठीक आहे. पाय थोडे दुखले, बाकी काही नाही. एकच सांगायचं आहे. धाकटीच्या लग्नातही मामा मीच उभा राहणार. चुलतभावाला आधी विचारून ठेवू नकोस. ती अजून दहावीत आहे हे मला माहीत आहे. तिला हवं तितकं शिकू दे. घाई करू नकोस. मी थांबतो."